तेरवाची बोट

विमान उशिरा उतरलं, टॅक्सी धक्क्यावर पोचेपर्यंत शेवटची बोट निघून गेली, आणि परक्या देशातल्या त्या रिकाम्या धक्क्यावर दोन विहिणी आपापल्या बॅगेची मूठ धरून उभ्या राहिल्या.

"काही हरकत नाही," एक म्हणाली.

"छे, हरकत कसली," दुसरी म्हणाली.

मुलांचं लग्न झाल्यापासून दोघींचं बोलणं हे असंच चालत आलं होतं. भांडण कधी झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर बरं, निदान मिटवता तरी आलं असतं. दोघी एकमेकींशी इतक्या गोड बोलत की ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखं व्हायचं.

मुलाची आई मोठ्या सरकारी इस्पितळात मेट्रन होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी लोक अजून त्यांना मेट्रनबाईच म्हणत. त्यांच्या घरात चादरीला सुरकुती नसे. मुलीच्या आईचं ब्लाऊज शिवायचं दुकान होतं. गिऱ्हाईक, शेजारी, स्वतःची मुलगी, सगळे त्यांना अक्का म्हणायचे. नवरे दोघींचेही आता नव्हते. मुलगा आणि सून कामानिमित्त एका बेटावर राहत होते. पोरांनी हट्टाने दोघींना एकदमच बोलावलं होतं, म्हणजे "हिला आधी बोलावलं, तिला नंतर" असा प्रश्नच नको.

आता त्याच मुलाचा फोन आला. आवाज रडकुंडीला आलेला.

"आई, अक्का, माझंच चुकलं. मी विमानाची वेळ बघितली, बोटीची बघितली, सुट्ट्या बघायच्या राहिल्या. उद्या आणि परवा तिथे सरकारी सुट्टी आहे. बोट आता एकदम तेरवा सकाळी."

"मग तोवर आम्ही काय माशांबरोबर राहायचं?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"खोली बघितली आहे. एका बाईंचं घर आहे, वरचा मजला. पण ऐका, उद्या सगळं बंद असेल. दुकानं, हॉटेलं, बस, सगळं. उद्या त्यांचा गेलेल्या माणसांची आठवण काढायचा दिवस असतो. मोठ्याने बोलू नका, फोटो काढू नका, आणि घरात चपला—"

"बाहेर काढायच्या. तू तीन वेळा पाठवलंस ते," मेट्रनबाई म्हणाल्या. "आम्ही काय जंगलातून आलोय?"

जावयाने पाठवलेले रीतिभातींचे ते निरोप अक्कांनी दुकानात मशीन चालवता चालवता इतक्या वेळा ऐकले होते की जवळजवळ पाठ झाले होते. परक्याच्या मुलखात आपल्यामुळे कुणाला वाईट वाटायला नको, एवढी एकच धास्ती घेऊन त्या निघाल्या होत्या.

खोली छान होती. खालच्या मजल्यावर उंच, सडपातळ, पांढऱ्या केसांच्या घरमालकीणबाई राहत. त्यांनी किल्ली दिली, पाव, दूध आणि अंडी दिली, स्वयंपाकाची शेगडी कशी लावायची ते दाखवलं. भाषेचा एक शब्द दोन्हीकडून कळत नव्हता, पण शेगडीला भाषा लागत नाही. अडचण होती ती पलंगाची. पलंग एकच होता.

"विहीणबाई, तुम्ही पलंगावर झोपा. मी खाली अंथरते," अक्का म्हणाल्या.

"छे छे, खाली गार लागेल. तुम्ही वर झोपा, मी खुर्चीत बसते. नाइट ड्यूट्या करून मला सवय आहे."

"तुम्ही खुर्चीत आणि मी पलंगावर? लोक काय म्हणतील?"

लोक कुणीच नव्हते. तरी बराच वेळ दोघी दोन खुर्च्यांत ताठ बसून राहिल्या. शेवटी डोळे मिटायला लागले तेव्हा दोघी पलंगाच्या दोन कडांवर आडव्या झाल्या. मधे इतकी जागा राहिली की तिसरी एखादी विहीण सहज मावली असती.

सकाळी अक्कांना जाग आली ती फ्रिजचं दार लागल्याच्या आवाजाने. मेट्रनबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. हातात जाडसर पेन होतं, ते उजेडाकडे धरून त्या निरखत होत्या.

"पेन बिघडलं का?" अक्कांनी विचारलं.

"हो."

"माझ्याकडे आहे की. दुकानातलं आहे, पण चालतं चांगलं."

मेट्रनबाईंनी वळून बघितलं. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. "ह्याला तुमचं चालायचं नाही," त्या म्हणाल्या आणि पलंगावर बसल्या. नीट बसल्या नाहीत, एकदम टेकल्या. "इन्सुलिन आहे. खोलीत हीटरचा उकाडा होता म्हणून रात्री दोन्ही पेनं फ्रिजमध्ये ठेवली. मागच्या पत्र्याला बर्फ धरतो ते बघितलं नाही. गोठली दोन्ही."

"मग आता वितळली की—"

"गोठलेलं टाकूनच द्यायचं. वॉर्डातल्या पोरींना हेच शिकवत आले मी, आणि हेच केलं."

मेट्रनबाईंना मधुमेह आहे हे अक्कांना माहीत नव्हतं. लग्न ठरताना पत्रिकेपासून पगारापर्यंत सगळं बोलणं झालं होतं, हे नव्हतं झालं. त्यांनी फोन उचलला.

"जावयांना विचारते. ते करतील काहीतरी."

"नाही." मेट्रनबाईंचा आवाज चढला नाही, पण त्या एका शब्दाने एके काळी अख्खा वॉर्ड जागच्या जागी उभा राहत असणार. "त्याला माहीत नाही. तुमच्या मुलीलाही नाही. आणि तुम्ही सांगायचं नाही."

अक्कांनी फोन खाली ठेवला.

"एक दिवस चुकला तर काही होत नाही," मेट्रनबाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "बोटीपर्यंत थांबलं तर होईल. आपण खाली जाऊ, औषधाचं दुकान बघू, विकत घेऊ, विषय संपला."

विषय संपायला दुकान उघडं असावं लागतं. गल्ली झाडून पुसून ठेवल्यासारखी रिकामी होती. शटरं खाली, हॉटेलाबाहेरच्या खुर्च्या एकात एक घालून साखळीने बांधलेल्या, बेकरीच्या काचेमागे रिकामी ताटं. चौकातला सिग्नल कुणी नसताना लाल होत होता, हिरवा होत होता. दुपारी जेवायला हे गाव कुठे गेलं असेल, असं विचारावंसं वाटत होतं.

औषधाचं दुकान सापडलं. दारावर कागद चिकटवला होता. अक्कांनी मुलीने शिकवल्याप्रमाणे फोन त्याच्यासमोर धरला. फोनने थोडा विचार केला आणि मराठीत लिहून दाखवलं: "आज दुकान उभे राहत नाही. तातडीचे लोक दुसऱ्या गावी."

"म्हणजे दुसऱ्या गावचं दुकान उघडं आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. "आणि बस बंद आहे." त्यांनी पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि संपवली. निघाल्यापासून ती दुसरी बाटली होती. अक्कांनी ते बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं.

परतीच्या वाटेवर मेट्रनबाई दोनदा थांबल्या. एकदा खिडकीतल्या कुंड्या बघायला, एकदा चपलेचा पट्टा नीट करायला. कुंड्यांत बघण्यासारखं काही नव्हतं आणि चपलेला पट्टा नव्हता. खोलीत आल्यावर त्या म्हणाल्या, "जरा पडते," आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. अक्कांच्या मनात आलं, ह्या बाईचा ब्लाऊज खांद्यावरून उतरतोय. विमानतळावरच दिसलं होतं. तेव्हा वाटलं होतं, कोण शिंपी गाठलाय कोण जाणे. आता वाटलं, शिंप्याचा काही दोष नाही. बाईच वाळली आहे.

त्यांनी एक गोठलेलं पेन मुठीत घेतलं आणि जिना उतरल्या.

घरमालकीणबाईंच्या दाराबाहेर अक्कांनी चपला काढल्या आणि हळूच टकटक केलं. दार उघडलं. बाई काळ्या कपड्यांत होत्या, बाहेर निघण्याच्या तयारीत. अक्कांनी पेन दाखवलं, ते पोटाला टोचल्यासारखं केलं आणि मान हलवली. बाई घाबरल्या. त्यांनी अक्कांचा दंड धरून त्यांना खुर्चीत बसवलं आणि पाणी दिलं.

"मी नाही हो, मी ठणठणीत आहे," अक्का मराठीत म्हणाल्या आणि वर बोट केलं. "वरच्या. आमच्या विहीणबाई."

बाईंनी छताकडे बघितलं, पेनाकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं, मग बाहेर रस्त्याकडे, मग ओठांवर बोट ठेवलं. काहीतरी लांब, पितळी वाजवल्याची नक्कल केली. अक्कांना एवढंच कळलं की चला म्हणताहेत, आणि गप्प राहा म्हणताहेत. त्या उठल्या. बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. अक्कांची साडी हळदीसारखी पिवळीधमक होती. बाईंनी खुंटीवरचा गडद रंगाचा लांब कोट काढला आणि अक्कांना दोन्ही बाह्या धरून, लहान मुलीला घालावा तसा घातला. एकेक बटण स्वतः लावलं. कोट अक्कांच्या घोट्यापर्यंत आला. तशाही स्थितीत त्यांच्या लक्षात आलं की अस्तर हाताने शिवलेलं आहे आणि टाका फार बारीक आहे.

गाव कुठे गेलं होतं ते गल्लीच्या टोकाला कळलं. सगळं गाव समुद्राकडच्या मैदानात उभं होतं. म्हातारे, बायका, कडेवरची पोरं, सगळे एकाच बाजूला तोंड करून. कुणी बोलत नव्हतं. पुढे बँडवाले होते, सोनेरी बटणांच्या कोटात. बाईंनी अक्कांच्या दंडाला स्पर्श करून बँडमधली एक स्त्री दाखवली. तिच्या खांद्यावर मोठं पितळी वाद्य होतं. बाईंनी पेनाकडे बोट केलं, गोळ्या मोजल्यासारखी बोटं हलवली. ती औषधाच्या दुकानवाली होती.

मधे फार तर शंभर माणसं होती. बाजूने पळत गेलं असतं तर अक्का तिच्यापर्यंत पोचल्या असत्या. कुणी त्यांना अडवलंही नसतं. त्यांनी एक पाऊल टाकलंही. मग त्यांना पुढच्या रांगेतला एक माणूस दिसला. त्याने टोपी छातीशी धरली होती आणि त्याची हनुवटी थरथरत होती. अक्का थांबल्या. मेट्रनबाई म्हणाल्या होत्या, एका दिवसाने काही होत नाही. एक दिवस चालतो तर हे एवढं उभं राहणंही चालेल, असं त्यांनी स्वतःला बजावलं आणि त्या पाय जुळवून उभ्या राहिल्या.

बँड थांबला. कुठेतरी एक घंटा वाजली आणि त्यानंतर मैदान इतकं शांत झालं की लाटेचं पाणी वाळूतून मागे जाताना ऐकू येत होतं.

आणि अक्कांचा फोन वाजला.

लग्नानंतर जावयानेच गमतीने त्यात वरातीतलं नाचाचं गाणं घालून दिलं होतं. ढोल, ताशे, सगळं. फोन कमरेला खोचलेल्या बटव्यात, बटव्यावर साडी, साडीवर तो कोट, आणि कोटाची बटणं परक्या हाताने लावलेली. अक्कांनी वरून थोपटलं, दाबलं, दोन्ही हातांनी पोट धरलं. गाणं कडव्यावर आलं. शेवटी त्या मटकन खाली बसल्या, गुडघे छातीशी घेतले आणि सगळ्या अंगाने त्या फोनवर वाकल्या. आवाज गुदमरला, पण बंद झाला नाही.

एकही मान वळली नाही. कुणी रागाने बघितलं असतं तर सोसलं असतं. त्या न बघण्याने अक्कांच्या कानशिलांना चटका बसला. घरमालकीणबाई समोर बघत होत्या. त्यांनी न बघताच हात खाली केला, अक्कांचा खांदा चाचपला आणि धरून ठेवला. गाणं संपलं. पुन्हा पाणी ऐकू येऊ लागलं. पुन्हा घंटा झाली तेव्हा बाईंनी त्यांना धरूनच उठवलं.

लोक पांगू लागले. अक्का प्रत्येकाला हात जोडत पुढे गेल्या. एका म्हाताऱ्याने मान लववली. एक बाई त्यांच्याकडे न बघता निघून गेली, आणि तिचंही बरोबरच आहे असं अक्कांना वाटलं. दुकानवाली वाद्याचं तोंड रुमालाने पुसत होती. अक्कांनी पेन पुढे केलं. घरमालकीणबाईंनी चार वाक्यांत काय ते सांगितलं. दुकानवालीने पेनावरचा कागद वाचला, ते हलवून उजेडात धरलं, आणि तिचा चेहरा बदलला. बँडवाल्या बाईची क्षणात औषधवाली झाली. तिला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं, अक्कांनाही तेवढंच येत होतं, त्यामुळे चांगलं जमलं.

"दुकान नाही. आज कायदा," ती म्हणाली. "इस्पितळ, हो. माझी गाडी. ती कुठे?"

"वर. झोप. पाणी पाणी," अक्का म्हणाल्या.

मेट्रनबाईंनी डोळे उघडले तेव्हा पलंगापाशी घोट्यापर्यंत कोटात बुडालेल्या अक्का, काळ्या कपड्यांतल्या घरमालकीणबाई आणि सोनेरी बटणांची, खांद्यावर झालर असलेली एक अनोळखी बाई उभी होती.

"विहीणबाई," त्या क्षीण आवाजात म्हणाल्या, "औषध हवं होतं. वरात कशाला आणलीत?"

टेकडीवरचं इस्पितळ छोटंसं होतं. तिथे मात्र सुट्टी नव्हती. दारात चाकाची खुर्ची पुढे आली तशी मेट्रनबाई ती चुकवून चालत आत शिरल्या, आणि दहा पावलांवर भिंतीला हात लावून थांबल्या. मग खुर्चीत बसल्या. ड्यूटीवरची नर्स तरुण होती. तिने बोटातून रक्ताचा थेंब घेतला आणि आकडा बघून लगेच डॉक्टरला हाक मारली. मेट्रनबाई तिच्या ट्रॉलीकडे बघत होत्या.

"ट्रॉली बरी लावली आहे," त्या अक्कांना म्हणाल्या. "फक्त कात्री उलटी ठेवली."

आतल्या खोलीत नातेवाइकालाच सोडत होते. नर्सने अक्कांकडे बोट करून विचारलं, ह्या कोण? दुकानवालीने इंग्रजीत विचारलं, कोण?

अक्का बुचकळ्यात पडल्या. "मुलीची सासू," त्यांनी बोटांनी दाखवायचा प्रयत्न केला. "म्हणजे माझी मुलगी, ह्यांचा मुलगा." दुकानवालीला वाटलं चौघं आजारी आहेत. मग अक्कांनी फोन तोंडाजवळ धरून स्पष्ट सांगितलं, "मी ह्यांची विहीण." फोनने ते नर्सच्या भाषेत सांगितलं. नर्सने भुवया उंचावल्या, दुकानवालीने तोंडावर हात घेतला. पुढे केव्हातरी कळलं, की फोनला 'विहीर' ऐकू आलं होतं आणि ही बाई रुग्णाची विहीर आहे असं त्याने जाहीर केलं होतं.

"सिस्टर म्हणा हो," मेट्रनबाई खुर्चीतून म्हणाल्या. "सगळीकडे कळतं."

"अहो, सिस्टर तर तुम्ही."

"आज तुम्ही व्हा."

"सिस्टर," अक्का छातीवर हात ठेवून म्हणाल्या. नर्सने दार उघडलं.

सलाइन लागलं, इन्सुलिन दिलं, दर थोड्या वेळाने बोटाला सुई टोचून बघणं सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, संध्याकाळपर्यंत थांबा, मग जा. खिडकीतून दुपारचं ऊन पलंगावर आलं होतं. दुकानवाली घरी जाऊन कपडे बदलून परत येते म्हणाली. अक्का कोट घालूनच स्टुलावर बसून होत्या.

"काढा की तो," मेट्रनबाई म्हणाल्या. "उकडत नाही?"

"बटणं कडक आहेत." अक्कांनी स्टूल जवळ ओढलं. "विहीणबाई, एक विचारू? मुलापासून का लपवलंत?"

मेट्रनबाई सलाइनच्या थेंबांकडे बघत राहिल्या. "त्याचे वडील आजारी पडले तेव्हा त्याने हातातली नोकरी सोडली. बाहेरचीच होती, ह्याहून चांगली. आम्हाला विचारलंही नाही, बॅग घेऊन दारात उभा. आता हे कळलं की पुन्हा तेच करेल. नाहीतर मला इथे आणून सोफ्यावर बसवेल. मी आयुष्यभर दुसऱ्यांना सुया टोचल्या, अक्का. मला कुणी सांभाळलेलं सोसत नाही."

त्यांनी पहिल्यांदाच विहीणबाई न म्हणता अक्का म्हटलं होतं.

"कधीपासून घेताय?"

"लग्नाच्या आधी सुरू झालं. दंडावर घ्यायचे तेव्हा. हात हिरवानिळा झाला होता नुसता." मेट्रनबाईंनी अक्कांकडे बघितलं. "तुम्ही शिवून दिलेला ब्लाऊज तोकड्या बाह्यांचा होता."

लग्नात विहिणीच्या मानाच्या साडीवरचा तो ब्लाऊज अक्कांनी स्वतः शिवला होता, रात्री जागून, जुन्या फोटोवरून माप काढून. मेट्रनबाई लग्नाला दुसराच घालून आल्या, कोपरापर्यंत बाह्यांचा, साडीशी अजिबात न जुळणारा. कुणीतरी विचारल्यावर म्हणाल्या होत्या, "तो घट्ट झाला." सगळ्या मांडवात. दुकानदारीचं नाक कापलं गेल्यासारखं वाटलं होतं अक्कांना. तेव्हापासून त्या गोड बोलत होत्या.

"घट्ट नव्हता?"

"उत्तम बसला होता. माप कुठून मिळवलंत याचंच नवल वाटलं."

"मग सांगायचं तरी!"

"काय सांगायचं? भर मांडवात?"

अक्का उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. "मी दीड वर्षं तुमच्यावर रागावले होते," त्या म्हणाल्या. "फुकट गेलं सगळं."

मेट्रनबाई हसल्या. हसताना सलाइनचा हात हलला म्हणून नर्स दटावायला आली, आणि मेट्रनबाईंनी ते निमूटपणे ऐकून घेतलं.

"मी जावयांना सांगणार नाही," ती गेल्यावर अक्का म्हणाल्या. "शब्द दिला. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. मला जमत नाही, माझी पापणी फडफडते."

"म्हणजे मीच सांगायचं."

"मी असं कुठे म्हटलं?"

"नाही म्हटलंत. तुम्ही फार सज्जन आहात," मेट्रनबाई म्हणाल्या आणि डोळे मिटले.

दुसरा दिवस नुसताच सुट्टीचा होता. इस्पितळातून मिळालेलं नवं पेन आता फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात होतं. अक्का कोट परत करायला गेल्या, तर घरमालकीणबाईंनी दोघींनाही आत बोलावून कॉफी दिली. टेबलावर एका माणसाचा फोटो होता, खलाशाची टोपी घातलेला, हसरा, तरुण. त्याच्यापुढे पांढरं फूल. बाईंनी फोटोकडे बोट केलं, मग स्वतःच्या बोटातल्या अंगठीकडे, मग खिडकीबाहेरच्या समुद्राकडे.

काल ह्याच माणसासाठी ती बाई उभी होती आणि आपल्या पोटात वरात वाजत होती. अक्कांनी हात जोडले, पुन्हा जोडले, मराठीतच म्हणाल्या, "चुकलं हो माझं, फार चुकलं."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग कप खाली ठेवून त्या हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणू लागल्या. अक्कांना आधी ओळखू येईना. चाल वाकडीतिकडी होती, पण ठेका तोच. ते फोनमधलं गाणं होतं. बाईंनी फोटोतल्या माणसाकडे मान करून खांदे थोडे उडवले. तो नाचायचा, असं त्या सांगत असाव्यात. किंवा त्याला आवडलं असतं, असं. नक्की काय ते दोघींनाही कळलं नाही, आणि फोनला विचारावं असंही वाटलं नाही.

तेरवाच्या सकाळी बोट सुटली. बेटाच्या धक्क्यावर मुलगा आणि सून हात हलवत उभे होते. फळी ओलांडताना मेट्रनबाईंनी पदर खोचला. पोरांनी वाकून नमस्कार केला, बॅगा घेतल्या, आणि मुलगा "प्रवास कसा झाला" म्हणतोय तोच त्या बोलू लागल्या. ड्यूटी बदलताना रुग्णाची माहिती द्यावी तशा, एका सुरात, मधे न थांबता: मला मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, लग्नाच्या आधीपासून आहे, परवा औषध गोठलं, अर्धा दिवस सलाइन लावावं लागलं, आता ठीक आहे.

मुलाच्या हातातली बॅग तशीच लोंबकळत राहिली. सुनेने पुढे होऊन सासूचा हात धरला.

"आणि मला कुणी सांगितलं नाही?" तो म्हणाला. आईवर रागवायची त्याची हिंमत नव्हती, म्हणून तो अक्कांकडे वळला. "अक्का, तुम्ही तरी फोन करायचा! इथे मी रोज विचारत होतो, जेवलात का, झोपलात का—"

"त्यांना काही बोलायचं नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. "मी मनाई केली होती. भाषा येत नाही, वाट माहीत नाही, गाव बंद. त्यांनी औषधवाली शोधून आणली. तू असतास तर नुसता घाबरला असतास."

"पण आई—"

"नोकरी सोडतो वगैरे म्हणालास तर ह्याच बोटीने परत जाईन. बॅग उचल."

त्याने बॅग उचलली. पण तो लगेच निघाला नाही. आईच्या खांद्यावरून घसरलेला ब्लाऊज त्याने आत्ता बघितला होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते. मेट्रनबाईंनी ते बघितलं. त्यांनी त्याच्या पाठीवर एकदा हात ठेवला, आणि ठेवलेला तसाच राहू दिला.

मुलगी अक्कांच्या बाजूला सरकली. "अक्का," ती कुजबुजली, "तुमचं दोघींचं झालं तरी काय?"

"कुठे काय?" अक्का म्हणाल्या. "सुट्टी होती. सगळं बंद होतं."

गाडीत पुढची सीट कुणाची यावर मुलगा नेहमीच्या सवयीने घोटाळला. दोघी तोवर मागचं दार उघडून आत बसल्याही होत्या, आणि मेट्रनबाई अक्कांना विचारत होत्या की हा ब्लाऊज खांद्यात आवळून घ्यायचा तर सगळी शिवण उसवावी लागेल, की नुसती आतून टीप मारून भागेल.